इच्छा वाढवणारं पेप्टाइडचं इंजेक्शन घ्यावं का?

प्रश्न, थोडक्यात: मी ३९ वर्षांची, मुलुंडला राहते, बँकेत नोकरी. दोन मुलं आहेत, सासूबाई आमच्याकडेच असतात. गेली दोन वर्षं मला संबंधांची इच्छाच उरलेली नाही. घबराटीसाठी एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅमची गोळी साधारण तेव्हापासूनच चालू आहे. मिस्टर ४४ वर्षांचे, त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि वर्षभरापासून त्यांनाही नीट जमत नाही. त्यांच्या जिममधल्या ट्रेनरने 'पीटी-१४१' नावाच्या पेप्टाइडची कुपी दिली. "दोघांनीही घ्या, साइड इफेक्ट काही नाही," असं तो म्हणाला. मिस्टरांनी एकदा घेऊन पाहिलं, तर रात्रभर मळमळ आणि उलट्या. आता ते म्हणतात, "माझा डोस जास्त झाला असेल, तू थोडं घे." घ्यावं का?

उत्तर:

नाही. ती कुपी तुम्ही घेऊ नका आणि मिस्टरांनीही पुन्हा घेऊ नये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं वाचून होईपर्यंत घरात कुणी सिरिंज भरायला नको.

पण एवढं सांगून मी हात झटकणार नाही. तुमची तक्रार खरी आहे. ज्या औषधाचं नाव त्या कुपीवर आहे तेही खरं आहे, त्यावर रीतसर संशोधन झालं आहे आणि काही बायकांना त्याचा उपयोगही होतो. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, दादरला पंचवीसहून जास्त वर्षं दवाखाना चालवते. शुक्रवारची दुपार मी फक्त अशा तक्रारींसाठी ठेवते, कारण बाहेर बाकड्यावर वीसजणी बसलेल्या असताना हे कुणी बोलत नाही. पाळीची तक्रार म्हणून केसपेपर निघतो, सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवून होतो, पर्स खांद्याला लागते आणि मग आवाज खाली येतो. तुम्ही सरळ लिहून विचारलंत, म्हणजे निम्मं काम झालं.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. इन्शुलिनही त्याच कुळातलं. पोटात गेलं की अन्नासारखं पचून जातं, म्हणून ही औषधं बहुतेक सुईनेच द्यावी लागतात. जिममध्ये हा शब्द हल्ली प्रोटीन पावडरच्या सुरात बोलला जातो, जणू काही शरीराचंच आहे म्हणजे निर्धोक आहे. इन्शुलिनही शरीराचंच आहे आणि जास्त झालं तर जीव जातो. तेव्हा 'पेप्टाइड' या शब्दावरून औषध सौम्य की जहाल हे काहीही ठरत नाही.

पीटी-१४१ चं औषधी नाव ब्रेमेलानोटाइड. त्याची जन्मकथा सांगते, कारण साइड इफेक्टची सगळी यादी त्या कथेतच आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात ऊन न लागता त्वचा सावळी करणारं औषध शोधत होते, म्हणजे उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगापासून गोऱ्या लोकांचं रक्षण व्हावं. त्यातून मेलॅनोटान-२ नावाचा रेणू तयार झाला. तिथल्या एका संशोधकाने तो स्वतःवरच टोचून घेतला, प्रमाण चुकून दुप्पट झालं, आणि त्याला मळमळ, उलट्या आणि कित्येक तास न उतरणारं लिंगाचं ताठरपण असं सगळं एकदम झालं. मग न्यू जर्सीच्या पॅलॅटिन कंपनीने त्याच रेणूपासून ब्रेमेलानोटाइड पुढे आणलं. आधी पुरुषांसाठी, नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात. त्याने रक्तदाब वाढतो म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये शंका काढली आणि तो फवारा मागे पडला. नंतर कातडीखाली टोचायचं इंजेक्शन, कमी आणि नेमक्या मात्रेत, बायकांसाठी तपासलं गेलं आणि २१ जून २०१९ रोजी 'व्हायलीसी' या नावाने अमेरिकेत मंजूर झालं. त्वचेचा रंग, मळमळ, रक्तदाब, मेंदू: हे चारही धागे पहिल्या दिवसापासून त्या रेणूत आहेत. "साइड इफेक्ट काही नाही" असं म्हणणाऱ्याला हा इतिहास माहीत नाही.

ते काम कसं करतं? व्हायग्रा, म्हणजे सिल्डेनाफिल, रक्तवाहिन्या सैल करतं. त्याचं काम कमरेखाली. ब्रेमेलानोटाइड मेंदूत काम करतं. तिथे मेलॅनोकॉर्टिन नावाचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे औषध जिथे जाऊन चिकटतं अशा पेशींवरच्या जागा असतात, त्यातला चौथ्या क्रमांकाचा ग्राहक इच्छेच्या आणि उत्तेजनाच्या यंत्रणेशी जोडलेला आहे. तो जागा झाला की डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं कामकाज वाढतं असं मानलं जातं. त्याच कुळातला पहिल्या क्रमांकाचा ग्राहक त्वचेतल्या रंगपेशींवर असतो, आणि औषध दोघांनाही चाळवतं. म्हणून मनासाठी घेतलेलं औषध चेहऱ्यावर डाग पाडू शकतं.

आता सर्वांत महत्त्वाचं: हे नक्की कुणासाठी मंजूर झालं? पाळी अजून चालू असलेल्या स्त्रीसाठी. तिची इच्छा आधी होती आणि नंतर गेली असली पाहिजे. ती सगळ्याच प्रसंगी गेलेली असावी. नवऱ्याबरोबर नाही पण एरवी आहे, असं नको. कुठला आजार, मानसिक त्रास, दुसरं औषध किंवा नात्यातला तणाव हे कारण नसावं. आणि इच्छा नसल्याचं दुःख तिला स्वतःला असलं पाहिजे. पाळी गेलेल्या बायकांसाठी ते मंजूर नाही, पुरुषांसाठी नाही, आणि 'कामगिरी' वाढवण्यासाठी तर नाहीच. हे सगळं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे.

त्यातल्या शेवटच्या अटीवर मी दर शुक्रवारी अडून बसते. तुमचा मजकूर मी दोनदा वाचला. इच्छा उरलेली नाही, हे तुम्ही लिहिलंत. त्याचं तुम्हाला वाईट वाटतं का, हे कुठेच लिहिलं नाहीत. घ्यायचं का हे मिस्टरांनी सुचवलं, कुपी ट्रेनरने दिली, डोसही तेच ठरवताहेत. एक बाई मला म्हणाल्या होत्या, "अहो डॉक्टर, मला काही त्रास नाही, यांना त्रास होतो, म्हणून मी औषध घ्यायला आले." दुसऱ्या एक होत्या, पंचेचाळिशीच्या, त्या रडत म्हणाल्या, "माझ्यातलं काहीतरी हरवलंय, मला ते परत पाहिजे." पहिल्या बाईंना औषधाची गरज नव्हती, दोघांनी मिळून बसून बोलण्याची होती. दुसऱ्या बाईंची मी कसून तपासणी केली. या दोन वाक्यांतला फरक संशोधनातही मोजतात: इच्छेचे गुण वेगळे आणि त्रासाचे गुण वेगळे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे आयुष्यभर बाईच्या इच्छेचा मान राखा म्हणून लिहीत राहिले. शंभर वर्षं उलटली, तरी बाईच्या इच्छेची तक्रार दवाखान्यात बरेचदा नवऱ्याच्या तोंडूनच येते. म्हणून आधी स्वतःला विचारा: मला हे हवंय का? उत्तर 'हो' असलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. 'नाही' असलं तरी त्यात लाजण्यासारखं किंवा आजारासारखं काही नाही.

उपयोग किती होतो? दोन मोठ्या चाचण्यांत मिळून बाराशेहून जास्त बायका होत्या, प्रत्येकीला २४ आठवडे तपासलं. काहींना औषध, काहींना तसंच दिसणारं रिकामं इंजेक्शन. इच्छेचे गुण १.२ ते ६ या पट्टीवर मोजले. त्यात १.२ किंवा त्याहून जास्त वाढ औषध घेतलेल्या १०० पैकी सुमारे २५ जणींत झाली, रिकामं इंजेक्शन घेतलेल्या १०० पैकी सुमारे १७ जणींत. म्हणजे औषधाच्या खात्यात जमा झाल्या शंभरात आठजणी. त्रास कमी झाल्याचं सांगणाऱ्या औषधात सुमारे ३५, रिकाम्यात सुमारे ३१. आणि समाधानकारक संबंधांची संख्या मोजली, तर दोन्ही गटांत फरक नव्हता.

हे आकडे मी बायकांना कागदावर लिहून दाखवते. कुणी म्हणतं, एवढंच? मी म्हणते, त्या आठजणींपैकी एक तुम्ही असाल तर ते एवढंसं नाही. आणि त्या सतरा जणींकडेही बघा. त्यांच्या सुईत औषध नव्हतं, तरी त्यांना बरं वाटलं. मला वाटतं, त्या बायकांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच कुणापुढे हे बोलून दाखवलं, नोंदी ठेवल्या, 'आज' म्हणून वेळ राखून ठेवला, म्हणून ते झालं. रिकाम्या सुईला मी हिणवत नाही. मन त्या गोष्टीकडे वळलं, ही काही छोटी बाब नाही.

मंजूर मात्रा आहे १.७५ मिलिग्रॅम, पोटावर किंवा मांडीवर, तयार भरलेल्या पेनमधून, संबंधांच्या किमान ४५ मिनिटं आधी. २४ तासांत एकापेक्षा जास्त नाही, महिन्यात आठपेक्षा जास्त नाही. आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर बंद. तो शेवटचा नियम फार शहाणपणाचा आहे. इच्छेच्या बाबतीत माणसं 'अजून थोडं बघू' म्हणत वर्षानुवर्षं पैसे घालत राहतात.

त्रासांमध्ये पहिला नंबर मळमळीचा. औषध घेतलेल्या १०० पैकी ४० बायकांना मळमळ झाली. रिकाम्या इंजेक्शनवर एकीलाच. शंभरातल्या १३ जणींना मळमळीसाठी वेगळं औषध द्यावं लागलं. साधारण तासाभरात सुरू होते, दोन तास राहते, आणि पहिल्या डोसनंतर सर्वांत जास्त असते. उलट्या सुमारे पाचजणींना. तेव्हा मिस्टरांना जे झालं ते नवल नाही, पण रात्रभर उलट्या म्हणजे मात्रा बरीच चुकली असणार, त्यावर पुढे येते. शिवाय ज्या गोष्टीसाठी सुई घेतली त्याच वेळेला पोट ढवळलं, तर इच्छा वाढून उपयोग काय? चाचण्यांत त्रास सहन न झाल्यामुळे १०० पैकी १८ जणींनी औषध सोडलं. चेहरा आणि छाती लालबुंद होऊन वाफा येणं २० जणींना, सुईच्या जागी दुखणं-खाजणं १३ जणींना, डोकेदुखी ११ जणींना. याबद्दल जास्त लिहीत नाही, ती आपोआप जातात.

डागांबद्दल मात्र थांबून लिहिणार आहे, कारण परदेशी माहितीत तो एका ओळीचा मुद्दा असतो आणि आपल्यासाठी तो तेवढ्यावर आटपणारा नाही. महिन्यात आठपर्यंत डोस घेणाऱ्यांत चेहरा, हिरड्या, स्तन यांवर काळे डाग पडण्याचं प्रमाण शंभरात एक. पण रोज एक असे सलग आठ दिवस दिलं तेव्हा शंभरात ३८ जणांना डाग पडले. सावळ्या त्वचेत ते जास्त पडतात, आणि औषध थांबवल्यावर सगळ्यांचे जातातच असं नाही. आपल्याकडे बाळंतपणानंतर, उन्हाने, गर्भनिरोधक गोळ्यांनी वांग येणाऱ्या बायका काय कमी आहेत? त्या वांगाने बाई आरशात बघायचं टाळायला लागते, फोटोत मागे उभी राहते. अंगाबद्दलचा तो संकोच अंथरुणातही येतो. इच्छा वाढवायला घेतलेल्या औषधाने स्वतःचा चेहरा नकोसा व्हावा, याहून वाईट सौदा मला सुचत नाही. तुम्हाला आधी वांग आलेलं असेल तर मंजूर औषधाबद्दलही मी दहादा विचार करीन. आणि जिममधली मंडळी हे रोज किंवा दिवसाआड टोचतात. डागांसाठी तेच सर्वांत धोक्याचं.

रक्तदाबाचा मुद्दा मिस्टरांसाठी. प्रत्येक डोसनंतर वरचा आकडा सरासरी ६ आणि खालचा ३ ने वाढतो, दोन ते चार तासांत सर्वांत वर जातो आणि बहुधा बारा तासांत पूर्ववत होतो. ही सरासरी आहे, एखाद्याचा जास्तही चढतो. निरोगी माणसाला एवढ्याने काही होत नाही. पण बीपी आटोक्यात नसेल किंवा हृदयाचा आजार असेल तर हे औषध देऊच नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मिस्टरांचं बीपी गोळीने आटोक्यात आहे का, शेवटचं कधी मोजलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आणि त्यांनी टोचून घेतलेली मात्रा किती होती हे कुणालाच ठाऊक नाही.

आणखी दोन गोष्टी झटपट. हे औषध पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं, त्यामुळे त्या सुमारास घेतलेल्या गोळ्या रक्तात उशिरा किंवा कमी पोचू शकतात. दारू सोडण्यासाठी नाल्ट्रेक्सोनची गोळी घेणाऱ्याने तर हे घेऊच नये. आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तर खात्रीचं गर्भनिरोधन हवं, दिवस गेल्याचं कळताच बंद.

इथपर्यंत जे लिहिलं ते सगळं मंजूर, कारखान्यात भरलेल्या पेनबद्दल होतं. तुमच्या घरातली कुपी ही ती वस्तू नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या औषधाच्या वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख असावी लागते. तुमची कुपी उजेडात धरून बघा. माझ्याकडे आलेल्या अशा कुप्यांवर बहुतेक वेळा 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं, परवाना क्रमांक कुठेच नव्हता. आतली पांढरी पूड ब्रेमेलानोटाइडच आहे की स्वस्त मेलॅनोटान-२ आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. मेलॅनोटान-२ ने तीळ काळवंडल्याच्या, स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्याच्या, तासन्‌तास ताठरपण न उतरल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. चार तासांहून जास्त ताठरपण राहिलं तर ती इमर्जन्सी असते. लाजून सकाळची वाट पाहिली तर कायमचं नुकसान होतं. हे मिस्टरांना वाचून दाखवा.

पूड विरघळवायचं पाणी कुठलं, हात कुणाचे, निर्जंतुक काय होतं? आणि मात्रा? अशा कुप्यांसाठी वापरतात त्या इन्शुलिनच्या सिरिंज आपल्याकडे दोन तऱ्हेच्या मिळतात, लाल टोपीची यू-४० आणि नारिंगी टोपीची यू-१००. एकीवर २० युनिट म्हणजे अर्धा मिलिलिटर, दुसरीवर २० युनिट म्हणजे मिलिलिटरचा पाचवा भाग. इंटरनेटवरचे हिशेब यू-१०० धरून केलेले असतात, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने लाल टोपीची दिली की तोच आकडा अडीचपट औषध घेऊन येतो. मिस्टरांच्या उलट्यांचं कारण हेच असावं अशी मला दाट शंका आहे. त्यांना टोपीचा रंग विचारा. बरं, मंजूर पेन २५ अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवायचं असतं. तुमची कुपी कुणाच्या बॅगेत, कुठल्या लोकलमध्ये, मे महिन्यात किती तास फिरली, हे विचारून बघा.

म्हणजे 'तू थोडं घे' हा सल्ला प्रेमापोटी आलेला असला, तरी तो 'थोडं' कुणालाच मोजता येत नाही.

आता तुमच्याबद्दल. एस्सिटॅलोप्राम आणि इच्छा जाणं, दोन्ही साधारण एकाच वेळचं, असं तुम्हीच लिहिलंत. या गटातल्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, कळस गाठायला उशीर लागणं, काहीच न जाणवणं हे नेहमी दिसतं, आणि बायका ते डॉक्टरांना सांगत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतं. माझ्या मते तुमच्या बाबतीत पहिला संशय इथेच घ्यायला हवा. पण गोळी परस्पर बंद करू नका. एकदम सोडल्याने चक्कर, अस्वस्थता येते आणि जुनी घबराट दुप्पट जोराने परतू शकते. ज्यांनी लिहून दिली त्यांना पुढच्या भेटीत एवढंच सांगा: "गोळीने घबराट बरी आहे, पण इच्छा गेली आहे, आणि मला ते खटकतंय." मात्रा कमी करणं, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारख्या दुसऱ्या औषधाकडे वळणं, असे पर्याय त्यांच्या हातात असतात. त्यातलं कुठलं तुम्हाला चालेल हे तुमच्या घबराटीवर ठरेल. एकच गोष्ट बदलून इच्छा परत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना एकही सुई लागली नाही.

त्याबरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर एवढं तपासून घ्या. संबंधांत दुखतं का, कोरडं वाटतं का? त्याला साधं जेल किंवा क्रीम पुरतं. दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा शरीर धरत नाही, त्याला आपण उगाच 'इच्छा कमी' म्हणतो. गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर तीही सांगा.

आणि घर. हे मी प्रत्येक मुंबईकर जोडप्याला विचारते, आणि बहुतेकांना वाटतं डॉक्टरीणबाई विषयांतर करताहेत. कोण कुठे झोपतं? वन बीएचकेत सासूबाई हॉलमध्ये, मुलं तुमच्याच खोलीत, दाराला कडी लावली की सकाळी कुणाच्या तरी नजरेला नजर द्यायची. सकाळी साडेपाचला डबे, मग लोकलची गर्दी, बँकेत दिवसभर मान मोडून काम, रात्री साडेनऊला ओटा आवरायचा. या अंगातून साडेदहाला इच्छा उमलावी अशी अपेक्षा कुणी ठेवायची? इच्छा नेहमी आधी येते आणि मग जवळीक होते, असंही नसतं. कित्येक बायकांमध्ये आधी निवांत जवळीक होते आणि इच्छा मागून येते. निवांतपणाच नसेल तर ती मागूनही येत नाही. माझ्याकडच्या एका जोडप्याने महिन्यातून दोन रविवारी मुलांना मावशीकडे पाठवायला सुरुवात केली. दुसऱ्या एकाने फक्त रात्रीची भांडी आणि डब्याची तयारी नवऱ्याकडे दिली. ब्रेमेलानोटाइडच्या चाचण्यांत हे कुणी तपासलेलं नाही, पण शुक्रवारच्या दुपारी मला यानेच जास्त बायका हसताना दिसतात.

मिस्टरांचं 'जमत नाही' हे तुमच्या प्रश्नात एका वाक्यात आलं, पण मला त्याचीच जास्त काळजी आहे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात. रक्तवाहिन्या खराब व्हायला लागल्या की पहिली खूण तिथे दिसते, छातीत दुखण्याच्या कित्येकदा काही वर्षं आधी. चव्वेचाळीस वय, बीपी, आणि वर्षभरापासून ही तक्रार: त्यांना फिजिशियनकडे न्या. ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल, आणि सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन. बीपीच्या काही गोळ्यांनीही असं होतं, त्या बदलता येतात. त्यांच्यासाठी तपासलेली, मंजूर औषधं आहेत, पण छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल जिवावर बेतू शकतं, म्हणून तेही डॉक्टरांनीच द्यायचं. मला असंही वाटतं की त्या रात्री त्यांनी सुई घेतली ती तुमच्यासाठी कमी आणि स्वतःच्या धास्तीपोटी जास्त. पुरुष ही धास्ती ट्रेनरला सांगतात, बायकोला नाही. तुम्हीच विचारा, रागावून नाही: "अहो, तुम्हाला भीती वाटते का?"

'याशिवाय दुसरं काही पेप्टाइड?' असं पुढे कुणीतरी सांगेलच, म्हणून दोन ओळी. किसपेप्टिनवर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये काम झालं आहे. २०२२ मध्ये ३२ बायकांवर आणि २०२३ मध्ये ३२ पुरुषांवर शिरेतून देऊन मेंदूतले बदल पाहिले, आणि ते आशादायक आहेत. पण ते प्रयोगशाळेतलं संशोधन आहे, विकत घ्यायची वस्तू नाही. ऑक्सिटोसिनच्या नाकातल्या फवाऱ्याचे निष्कर्ष कधी बरे, कधी काहीच नाहीत. त्यावर मी तुमचे पैसे खर्च होऊ देणार नाही.

तपासण्यांसाठी खाजगी दवाखानाच हवा असं नाही. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत स्त्रीरोग, मेडिसिन आणि मानसोपचार तिन्ही बाह्यरुग्ण विभाग आहेत, सकाळी लवकर गेलात तर एका दिवसात बरंच होतं. जमलं तर दोघं जा, पण डॉक्टरांशी काही वेळ एकट्याने बोलायला मागा.

आणि त्या कुपीचं काय करायचं? फेकू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मिस्टरांनी कधी आणि किती युनिट घेतलं ते लिहून ठेवा. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, तिथे झालेला त्रास कळवा. परवान्याशिवाय औषध विकल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्याच जिममध्ये विशी-बाविशीची मुलं येत असतील. तोवर कुपी फ्रिजमधून काढून मुलांच्या हाताला न लागेल अशी कुलपात ठेवा. वापरलेली सुई मात्र कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घाला, झाकण घट्ट लावा, वर 'सुई' असं लिहा आणि जवळच्या दवाखान्यात नेऊन द्या. तुमच्या मजल्यावरचा कचरा गोळा करणाऱ्या बाई त्या पिशवीत हात घालतात.